बावीस मिनिटांचं पाणी

सूर्य आणि वारा कधी खोटं बोलत नाहीत. हे वाक्य लिथारीच्या शाळेच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे आणि त्याखाली तीन विद्यापीठांची नावं आणि एका मंत्र्याचं नाव आहे. सूर्याला आणि वाऱ्याला शेजारी नसतात, हे कोरायला दगडावर जागा उरली नव्हती.

लिथारीत शेजारी भरपूर. बेटावर गाव एकच, घरं अठ्ठ्याऐंशी, आणि प्रत्येकाच्या स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उघडते. पूर्वी धक्क्यावर डिझेलवर वीज तयार व्हायची. मीटर वाचणारा माणूस दोन महिन्यांनी बोटीने यायचा, कॉफी प्यायचा, चीजचा गोळा काखेत मारायचा आणि गेल्या वेळच्याच आकड्यात थोडी भर घालून निघून जायचा. कुणाच्या घरात काय जळतंय हे त्याला कळत नसे, आणि त्याबद्दल लोक त्याला फार मानत.

मग संशोधन आलं. डोंगराच्या धारेवर एक पवनचक्की उभी राहिली, तिच्याखाली उतारावर सौर पॅनेल, धक्क्यावर बॅटऱ्यांनी भरलेले दोन कंटेनर आणि मोठ्या बेटाकडून समुद्राखालून आलेली मनगटाएवढी केबल. घरोघर पावाएवढी राखाडी पेटी बसली. गाव कधी किती वीज वापरतं ते या पेट्या शिकणार, शिकून झालं की वीज आपली आपण वाटणार. चक्कीची, उन्हाची, केबलची, सगळी. माणसाने मध्ये पडायचं काम नाही.

हे सांगायला अथेन्सहून मिर्सिनी नावाची बाई आली होती. वय चौतीस, विद्यापीठाची नोकरी, दर सहा महिन्यांनी नव्याने मिळणारी. बंद पडलेल्या औषधाच्या दुकानावरची खोली तिने भाड्याने घेतली होती. शाळेत सगळ्यांना जमवून ती म्हणाली, "पहिले चाळीस दिवस पेटी नुसती बघेल. काही करणार नाही. तुम्ही फक्त नेहमीसारखं वागा."

कुणीतरी बघत असताना नेहमीसारखं वागा म्हटलं की माणूस काय करतो, याचा अभ्यास करणारा वेगळा विभाग त्या विद्यापीठांत आहे. तो या प्रकल्पात नव्हता.

शिवाय ते चाळीस दिवस ईस्टरच्या आधीचे, मोठ्या उपासाचे निघाले. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, बऱ्याच वारी तेलसुद्धा नाही. हा उपास लिथारीत सगळे पाळतात. खिडकी लावून घेऊन पाळतात.

सरपंच पोलिदोरोस मागच्या बाकावरून म्हणाला, "बाई, एक शंका. पेटीला कळतं का, कोण काय शिजवतंय?"

मिर्सिनीला आपल्या पेटीचा अभिमान होता. "काय शिजवताय ते नाही कळत. पण ओव्हन कधी लागला, किती वेळ चालला, ते मिनिटागणिक कळतं."

पहिल्या बाकावर पाद्रीबाबा इग्नातिओस बसले होते. ते नुसते मागे वळले आणि एकदा सगळ्या वर्गावरून नजर फिरवून पुन्हा पुढे बघायला लागले.

त्या वर्षी लिथारीने आज्या-पणज्यांनीही केला नसेल असा उपास केला. ओव्हन गार पडले. गार पडले तर पडले, पण शेजारणीने फ्रिजही बंद केल्याचं कळल्यावर इतरांना तो चालू ठेवणं बरं दिसेना. आर्गिरिस मेंढीवाल्याची आई कालिओपी, चौऱ्याऐंशी वर्षांची, तेलाचा दिवा लावून बसायला लागली. दिवा का लावलास विचारलं तर पेटीकडे हनुवटी करून म्हणायची, "ती बघतेय ना."

पाऊसही त्या वसंतात वेळेवर झाला. गवत गुडघ्यापर्यंत आलं, मेंढ्यांना पाणी गवतातूनच मिळत होतं. आर्गिरिसच्या बोअरचा पंप दुधाची भांडी धुण्यापुरता चालायचा, दिवसाला सरासरी बावीस मिनिटं. पेटीने सगळं नीट लिहून घेतलं.

मिर्सिनी काही खुळी नव्हती. उपास म्हणून तिने आकड्यांत भर घातली, उन्हाळा म्हणून आणखी घातली. पण त्याआधी सरपंचाला लेखी विचारलं, की यंदाचा उपास दरवर्षीसारखाच झाला का. पोलिदोरोसने "दरवर्षीसारखाच" असं लिहून खाली शिक्का मारला.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे उत्तरेचा वारा सुटतो. दारं आपटतात, टेबलावरचे ग्लास उडतात, लोक वैतागतात. त्या वर्षी जुलैच्या एकोणतीस तारखेला वारा थांबला आणि पवनचक्की हात पसरून उभी राहिली. एक्केचाळीस अंश. त्याच आठवड्यात पंधरा ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणासाठी अथेन्सचे, जर्मनीचे, मेलबर्नचे लिथारीकर बोटी भरभरून उतरले. प्रत्येक खोलीत एक एसी घरघरायला लागला.

पेट्यांच्या यंत्राच्या हिशोबी लिथारी हे वाल खाऊन आठाला झोपणारं गाव होतं. तेवढीच वीज यंत्र मोठ्या बेटाकडून मागवायचं, आणि कमी पडली की थांबू शकतील अशा गोष्टींतून काढून घ्यायचं. थांबू शकणाऱ्या गोष्टी दोन होत्या, न्हाणीघरातले बंब आणि पंप. आर्गिरिसच्या पंपाला यंत्राने सकाळी सहा दहापासून बावीस मिनिटं मंजूर केली.

आर्गिरिसची मेंढरं गावापासून अर्ध्या तासावर, सुक्या घळीत होती. एकशे तीस मेंढ्या, चार एडके. बहुतेक मेंढ्या गाभण. त्याचं स्वतःचं वय अठ्ठावन्न, गुडघे सत्तरचे, आणि घरात या मेंढरांशिवाय काही नाही. अशा उन्हात एका मेंढीला दिवसाला बादलीभर पाणी लागतं. बावीस मिनिटांत निम्म्या कळपापुरतं व्हायचं.

सहा दहाला पंपावरच्या पेटीतून टक्‌ असा आवाज यायचा आणि पाइपातून दगडी डोणीत पाणी पडायचं. मेंढ्या त्या टक्‌लाच ओळखायला लागल्या होत्या. धार चांगली असायची, पण शेवटी शेवटी पाइप खोकायला लागायचा आणि लालसर गढूळ पाणी थुंकायचा.

"बघ," आर्गिरिस बायकोला म्हणायचा, "वीज कशी मरतुकडी येते शेवटी. पंपाला धाप लागते."

झाबेता पाइपाकडे बघायची, मग पेटीकडे. "दगड घाल तिच्यात."

"सील आहे. सही केलीय मी."

"सही केलीस तेव्हा मला विचारलं होतंस?"

"तू फोटोत होतीस की."

फोटो होता हे खरं. उद्‌घाटनाच्या दिवशी आर्गिरिसने आपलं जुनं डिझेल जनरेटर प्रकल्पाला अर्पण केलं होतं. धुराचं युग संपलं असं मंत्री बोलले होते, आणि जनरेटरला हार घालून ते शाळेच्या आवारात सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलं होतं. ऑगस्टच्या चार तारखेला आर्गिरिस पाना घेऊन तिथे गेला. बोल्ट चार, चारही सिमेंटमध्ये बुडवलेले. एक तास तो चौथऱ्यावर पोटावर पडून होता. मेलबर्नहून आलेलं एक कुटुंब त्याच्या पाठीमागे जनरेटरसोबत फोटो काढायला थांबलं होतं. शेवटी त्यांच्यातल्या आजोबांनी अदबीने विचारलं, "भाऊ, तुमचं झालं का?"

म्हणून मग पाणी वाहणं आलं. देवळाच्या मागे पावसाच्या पाण्याची टाकी आहे. सण झाल्यावर जेवणावळीची भांडी घासायला ती राखून ठेवतात, पण पाद्रीबाबांनी रोज पस्तीस कॅन न्यायला परवानगी दिली. वीस लिटरचा एक कॅन. टाकीच्या तोंडातून बादलीने उपसायचं, नरसाळ्याने कॅनमध्ये ओतायचं, चौदा पायऱ्या उतरून पिकअपपर्यंत न्यायचं. पिकअपच्या क्लचला जळका वास यायचा. घळीपाशी रस्ता संपतो, तिथून डोणीपर्यंत दोनशे पावलं पुन्हा हातात. झाबेताच्या बोटांच्या पेरांत कॅनच्या कड्यांनी लाल चरे पडले. ती त्यावर चिंध्या गुंडाळायची, चिंध्या ओल्या व्हायच्या, खालची कातडी पांढरी पडून सुटायला लागली. दोघं मिळून तीन खेपा. मेंढ्यांचं भागत होतं. या दोघांचं भागत नव्हतं, पण ते कुणी मोजत नव्हतं.

अकरा तारखेला आर्गिरिस मिर्सिनीच्या खोलीवर गेला. जाताना दाढी केली.

ती संगणकाच्या पडद्यासमोर बसली होती, पाय पाण्याच्या परातीत. एसी बंद होता. तो तिने तत्त्व म्हणून बंद ठेवला होता. तिने घाईघाईने पाय काढले.

"बाई, माझी पेटी तेवढी उघडून द्या. महिनाभर."

"माझ्या हातात नाही हो काका. अथेन्सला दोनदा फोन केला."

"मग?"

"ऑगस्ट आहे. कुणी उचलत नाही."

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. दोन रेघा होत्या, एक निळी आणि एक तांबडी. "ही निळी यंदाच्या उपासातली. आणि ही तांबडी गेल्या वर्षीच्या उपासातली, जुन्या डिझेलच्या वहीतून मी कालच काढली. गेल्या वर्षी उपासात तुमचं गाव नाताळइतकी वीज जाळत होतं. दर रविवारी, दुपारी बारा ते दोन."

आर्गिरिस जमिनीकडे बघायला लागला. "थंडी होती."

"वीस अंश होतं."

"म्हाताऱ्या माणसांना वाजते."

मिर्सिनी हसली नाही. ती थकली होती. "हे बघा काका. मूळ आकडा चुकलाय. तो दुरुस्त झाला की यंत्र केबलमधून जास्त वीज मागवेल आणि पंप दिवसभर मोकळे होतील. कुणाला विचारायची गरज नाही, ते आपोआप होतं. फक्त दुरुस्तीसाठी गावातल्या दहा घरांनी लिहून द्यायला हवं. नियम आहे. मी माझ्या मनाने आकडा बदलला तर ते संशोधन राहत नाही."

तिने कागद छापून दिला. त्यावर एकच वाक्य होतं. यंदाच्या उपासात आम्ही आमच्या नेहमीच्या उपासापेक्षा कमी वीज वापरली.

आर्गिरिसने ते दोनदा वाचलं. "एवढंच?"

"एवढंच. दहा सह्या."

बारा तारखेला सकाळी त्याने झाबेताला सांगितलं, "आज खेपा तू कर. उद्यापर्यंत सह्या होतात, परवा पंप दिवसभर चालेल. मग हे कॅन समुद्रात टाक."

"एकटी मी किती करू?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

त्याने स्वतःची सही पहिली केली, ओट्यावर कागद ठेवून. आई खाटेवर बसून बघत होती.

"काय लिहिलंय त्यात?"

त्याने वाचून दाखवलं.

कालिओपीने छातीवर तीन वेळा क्रॉसची खूण केली. "म्हणजे नेहमीच्या उपासाला आपण जास्त जाळतो, असं?"

"असंच ना आई."

"कशाला जाळतो?"

आर्गिरिसने कागदाची घडी घातली.

"मी जिवंत असताना तू या घराचं नाव त्या कागदावर घालणार? तुझ्या बापाने उपासात बोटाला तेल लावलं नाही."

"आई, बापाने दर रविवारी कोकरू भाजलं. दाराखाली तू ओला टॉवेल लावायचीस."

"टॉवेल मी थंडीसाठी लावायचे," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

बाकी गाव तिच्याइतकं कठोर नव्हतं. लोकांनी त्याला बसवलं, कॉफी दिली, मुरंबा दिला, पाण्याचा ग्लास दिला. मेंढ्यांची चौकशी केली. कागद वाचला, चष्मा बदलून पुन्हा वाचला, आणि प्रत्येकाने सांगितलं की सही करायला काहीच हरकत नाही, आधी शेजारच्याची होऊ दे. शेजारचा म्हणाला, "मी करतो रे. पण ती पलीकडची बघेल ना नाव." एका बाईने सही केली आणि तो जिना उतरत असताना मागून धावत येऊन ती खोडली. खोडल्याने नाव आणखीच उठून दिसत होतं, म्हणून मग त्यावर तिने शाईचा चौकोन काढला.

दुपारी तो कॉफीच्या दुकानात सरपंचाकडे गेला. पोलिदोरोस सणाच्या ध्वनिक्षेपकाच्या वायरी सोडवत बसला होता.

"मी सही कशी करू, आर्गिरिस? मी शिक्का मारून लिहून दिलंय, दरवर्षीसारखाच म्हणून. आता उलट लिहिलं तर सरपंच खोटा ठरतो."

"खोटं लिहिलंस ना पण."

"खोटं लिहिणं वेगळं आणि खोटं ठरणं वेगळं. तू मेंढरात असतोस, तुला नाही कळायचं." वायरीचा गुंता त्याने पायाखाली दाबला. "पाद्रीबाबांची सही आण. त्यांची पहिली आली तर माझी दुसरी. वचन."

पाद्रीबाबा इग्नातिओस देवळात होते, झुंबर पुसत होते. शिडीवरूनच त्यांनी कागद वाचला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"तीस वर्षं मी या गल्लीतून उपासाच्या रविवारी घरी जातो," ते म्हणाले. "मला काय नाक नाही?"

"तेच ना बाबा. तुम्ही एकदा व्यासपीठावरून सांगितलंत, की करा रे सह्या…"

"काय सांगू? तुम्ही सगळे पापी आहात, तेव्हा रांगेत या?"

"मेंढरं मरतील बाबा."

पाद्रीबाबा शिडी उतरले. त्यांचेही गुडघे वाईट होते. "आर्गिरिस, पापाची कबुली माझ्या कानात असते. कागदावर नसते. आज कागदावर घेतली तर उद्या माझ्या कानात कुणी काही सांगणार नाही. टाकीतून आणखी पाच कॅन ने." त्यांनी कागद नीट चौघडी करून त्याच्या खिशात घातला, वरून खिसा थोपटला. सही केली नाही.

तेरा तारखेला सकाळी गावातला एकुलता एक कम्युनिस्ट लिकूर्गोस, वय एक्क्याऐंशी, स्वतः आर्गिरिसला शोधत आला. "आण इकडे. मी या ढोंगात कधी नव्हतो. एकोणीसशे साठपासून एक उपास केला नाही." त्याने खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून अशी सही केली की पेन कागदातून आरपार गेलं. आर्गिरिसला भरून आलं.

कागद मिर्सिनीने तपासला. "ही धरता येणार नाही, काका."

"का?"

"त्यांनी यंदाही नेहमीइतकीच वीज वापरली. रोज दुपारी ओव्हन. चाळीस दिवसांत गावात त्यांचा एकट्याचाच आकडा बरोबर आला होता."

म्हणजे सह्या झाल्या एक.

तरी आर्गिरिस दुपारी कॉफीच्या दुकानात बसून राहिला. गावातल्या दोघा भावांनी सहीला येतो म्हणून सांगितलं होतं. ते आले तर तीन होतील, तीन दिसले की बाकीचे येतील, असा त्याचा हिशोब. तिसरी कॉफी समोर होती. तेवढ्यात झाबेता दारात उभी राहिली. गुडघ्यापर्यंत धूळ, दोन्ही हातांवर चिंध्या, एका हातात रिकामा कॅन. घळीपासून ती चालत आली होती.

दुकानात पाहुणे होते. मेलबर्नचे होते, जर्मनीचे होते.

"क्लच गेला," ती म्हणाली. "सकाळी दहाला. तुला सात फोन केले."

आर्गिरिसने खिसा चाचपला. फोन कागदाखाली होता.

"सकाळपासून हातात चार कॅन नेलेत. चार. मेंढ्या डोणी चाटतायत." मग तिने टेबलाकडे बघितलं. "कॉफी संपव तुझी. पैसे द्यावे लागतील."

कुणीतरी हसलं, आणि मग न हसल्यासारखं केलं. पोलिदोरोस उठून म्हणाला, पिकअप माझी घ्या, पण उद्या. आज तिच्यात हंडे आणि लाकडं आहेत जेवणावळीची, उद्या सकाळी धक्क्यावरून बर्फ आणून झाला की घ्या. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आपलं गाढव दिलं. गाढव एका खेपेला चार कॅन नेत असे आणि एका खेपेला दीड तास घेत असे. संध्याकाळपर्यंत दोन खेपा झाल्या. आदल्या दिवशीही मेंढ्यांना अर्धपोटी पाणी मिळालं होतं, एकटीने खेपा केल्यामुळे. हे झाबेताने तेव्हा सांगितलं नाही.

चौदा तारखेला सकाळी सहा दहाला टक्‌ झालं. मेंढ्या डोणीवर अशा पडल्या की पहिल्या ओळीतल्या दोन आडव्या झाल्या आणि त्यांच्यावर चढून बाकीच्या प्यायल्या. शेवटी पाइप खोकला, लाल थुंकला, थांबला. उन्हं वर आली तशी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून गोल उभ्या राहिल्या. घळीत एकच अंजिराचं झाड होतं. त्याखाली चाळीसेक मावल्या, बाकीच्या उन्हात. तोंडं उघडी, जिभा बाहेर, बरगड्या भात्यासारख्या. आवाज मात्र नव्हता. आर्गिरिसला त्याचीच भीती वाटली. तहानलेली मेंढी ओरडते.

सरपंचाची पिकअप सव्वाबाराला आली. तोवर आर्गिरिस गाढव घेऊन एक खेप करून आला होता. दुसरीत देवळापाशी मिरवणुकीची तालीम चालली होती आणि गाढवाला ढोल आवडले नाहीत. चार कॅन चौदा पायऱ्यांवरून खाली गेले.

पिकअपमधून पंचवीस कॅन घेऊन ती दोघं घळीत पोहोचली तेव्हा पहिल्या मेंढ्या बसल्या होत्या. मेंढी बसली की पुढचं पटकन होतं. झाबेता एकेकीचं मुंडकं मांडीवर घेऊन तोंडात पाणी सोडत होती. ते एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर येत होतं. आर्गिरिस कॅन सरळ अंगावर ओतत होता. "अंगावर नको, पाज," ती ओरडली. "पीत नाहीत," तो ओरडला. ओली लोकर वाफाळली. एक मेंढी उठली, चार पावलं चालली, डोणीत पुढचे पाय घालून उभी राहिली आणि तशीच उभी मेली. तिला ओढून काढावं लागलं, कारण मागच्यांना जागा हवी होती.

तीन वाजेपर्यंत सत्तावन्न मेल्या. एडके चारही जगले. एडक्यांचं त्या वेळी काही काम नव्हतं.

मेलेलं जनावर उन्हात लवकर फुगतं. बेटावर खोदणारं यंत्र एकच, ते हेलिकॉप्टरचं मैदान सपाट करून तिथेच सणासाठी येणाऱ्या मंत्र्यांची वाट बघत उभं होतं. पोलिदोरोसने ते मंत्र्यांना विचारल्याशिवाय पाठवलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पंधरा तारखेला सकाळी, गावात घंटा वाजत असताना, घळीच्या तोंडाशी खड्डा झाला. सत्तावन्न मेंढ्या पायांना धरून ओढल्या. गाभण असल्याने जड होत्या. झाबेताच्या चिंध्या सुटल्या आणि एका मेंढीच्या खुराला गुंडाळून खाली गेल्या. तिने त्या काढल्या नाहीत.

पंधरा तारखेच्या जेवणावळीला दोघं गेली. न जाणं शक्य नव्हतं. हंड्यातली दोन कोकरं आर्गिरिसचीच होती, वसंतात नवस म्हणून कबूल केलेली, जूनमध्येच देवळाच्या फ्रीजरमध्ये दिलेली. भात चांगला झाला होता. चौकात दिवे लागले होते, ध्वनिक्षेपक वाजत होता. मंत्र्यांनी भाषणात सांगितलं की चारशे पाहुणे असूनही एकही दिवा मिचकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्गिरिसच्या शेजारी बसलेल्यांनी हळू वाजवल्या. त्याच्या ताटात कुणीतरी न विचारता मोठा तुकडा वाढला, मग दुसऱ्याने आणखी एक वाढला. ताट वाढतच गेलं. ज्यांनी सही केली नव्हती ते सगळे एकेक करून वाढून गेले.

सतरा तारखेला वारा सुटला. दारं आपटायला लागली, ग्लास उडायला लागले. लोक वैतागले.

महिनाअखेरीला मिर्सिनी घळीत आली. दर महिन्याला तिला प्रत्येक घराकडून एक तक्ता भरून घ्यावा लागे. ती बराच वेळ डोणीच्या कठड्यावर बसली, पिशवी न उघडता. शेवटी आर्गिरिसच म्हणाला, "काढा तो कागद, बाई. तुमचंही काम आहे."

"सेवेबद्दल समाधान," तिने खाली बघत वाचलं. "एक ते पाच."

आर्गिरिसने विचार केला. "एक म्हणजे?"

"अजिबात नाही."

"बाकीच्यांनी किती दिलेत?"

"चार. बहुतेकांनी चार."

"मग चार लिहा."

तिने पेन कागदावर टेकवून ठेवलं. "काका, तुम्ही एक द्या ना. द्या की. कुणीतरी एक द्या."

"एकट्याचा एक बरा दिसत नाही," आर्गिरिस म्हणाला. "चार."

तिने चार लिहिले.

सप्टेंबरमध्ये अथेन्सचे लोक रजेवरून आले. त्यांनी मिर्सिनीच्या दोन रेघा बघितल्या, दहा सह्यांचा नियम चुकीचा असल्याचं एका बैठकीत ठरवलं आणि मूळ आकडा स्वतःच बदलला. अठरा तारखेला सगळ्या पेट्यांवर हिरवा दिवा लागला. पंप आता कधीही, कितीही वेळ चालवता येणार होते. मिर्सिनीने हे सांगायला फोन केला. तिच्या नोकरीची मुदतही त्याच बैठकीत सहा महिन्यांनी वाढली होती.

आर्गिरिस आणि झाबेता सकाळी घळीत गेली. त्र्याहत्तर मेंढ्या आणि चार एडके टक्‌ची वाट बघत डोणीपाशी उभे होते. वीज भरपूर होती, वारा भरपूर होता, चक्की वर घुमत होती. आर्गिरिसने बटण दाबलं. जाड, स्वच्छ धार पडायला लागली. झाबेताने हात धारेखाली धरले. बोटांवरची कातडी आता नवी, गुलाबी होती.

"चालू दे दिवसभर," ती म्हणाली. "डोणी भरून वाहू दे. मला बघायचंय."

दोघं दगडावर बसून बघत राहिली. झाबेताने पाव काढला, टोमॅटो कापला.

एकोणिसाव्या मिनिटाला पाइप खोकला, लाल थुंकला, आणि मग त्यातून नुसती हवा यायला लागली. बोअरला पाणी तेवढंच होतं.